निळ्या माशावरचे ठिपके

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

मासे आले. मुंबईहून ट्रॅव्हल्सच्या गाडीने, थर्माकोलच्या डब्यात, हवा भरलेल्या पिशव्यांत. दोन नारिंगी क्लाउन आणि एक निळा टँग. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या गल्लीत समुद्राचा मासा ताटातसुद्धा क्वचितच आला असेल. आज तो जिवंत आला आणि शेजारपाजारचे बघायला जमले.

पुढच्या खोलीतली मोठी टाकी तयार आहे, पण मासे एवढ्यात तिच्यात सोडायचे नाहीत असं मगनचं म्हणणं. आधी महिनाभर वेगळे ठेवायचे. रोग असला तर तिथेच कळतो आणि तिथेच बरा करता येतो. क्वारंटाइन. कोरोनात आपण होतो तसे. त्यासाठी त्याने त्याच्या घरची जादाची काचपेटी दिली. ती आमच्या मुलीच्या, मेघाच्या जुन्या खोलीत, मागे, ठेवली आहे. खाली वाळू नाही, दगड नाहीत, लपायला फक्त प्लास्टिकच्या पाइपाचे तुकडे.

मगन बोरसे आणि मी एकाच चटईच्या कारखान्यात नोकरी केली. तो मशीनवर, मी कलर मास्तर. दोऱ्याचा प्रत्येक लॉट नमुन्याशी ताडून पाहायचा आणि पास की नापास सांगायचं, हे माझं काम. माझ्या नजरेतून काही सुटत नाही असं मालकसुद्धा म्हणायचे. ऑगस्टमध्ये निवृत्त झालो तर हारतुरे, भाषणं, सगळं झालं. मगनने बायको लता आजारी असताना खाऱ्या पाण्याची टाकी केली, दोन वर्षांपूर्वी ती गेल्यावर एकटा पडला तो त्या टाकीतच रमला, आणि आता लांबून लांबून लोक ती बघायला जातात. सुनंदा, म्हणजे आमची मंडळी, एकदा बघून आली ती आठवडाभर त्याच टाकीचं बोलत होती. मेघाने धुळ्याहून फोन केला, पप्पा तुम्हीही करा, वेळ चांगला जाईल.

करतो म्हटलं. मगन करू शकतो तर मीही करू शकतो.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

टँगचा रंग काही खास नाही. फोटोत पाहिला तेव्हा निळाशार होता, इथे भांडी घासलेल्या पाण्यासारखा दिसतो. मगनच्या ओळखीचा व्यापारी, चांगला मासा मगनला आणि उरलेला मला, असं असणार.

खोलीतली ट्यूबही मंद झाली आहे. सुनंदाला सांगून नवीन लावून घेतली, तीही तशीच. हल्ली माल चांगला येतच नाही. पेपरची छपाईसुद्धा अशी की अंगणात उन्हात बसल्याशिवाय वाचता येत नाही.

पाण्यातलं मीठ मोजायची एक दुर्बिणीसारखी नळी असते. आत निळा आणि पांढरा असे दोन भाग दिसतात, त्यांच्यामधली रेघ वाचायची. माझ्या नळीत रेघच नाही, नुसतं धुकं. बदलून मागणार आहे. तोवर सुनंदा वाचून सांगते. तिला म्हणे स्पष्ट दिसते. तिला मोजमापातलं काय कळतं, पण असो.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी माशांना खायला घालताना सुनंदा म्हणाली, "अहो, निळ्याच्या अंगावर रवा सांडल्यासारखं काय दिसतंय?"

मी जाऊन पाहिलं. काहीही नव्हतं. पंपाचे बुडबुडे अंगाला चिकटतात, ते सांगितलं.

"बुडबुडे हलले असते," ती म्हणाली. "आणि तो त्या पाइपाला अंग घासतोय बघा."

मासा आहे, कुठेतरी अंग लागणारच. मी रागावलो नाही, फक्त म्हणालो की आयुष्यभर बारीक पाहण्याचं काम मी केलं आहे, तू नाही. मी दाढी करायला गेलो तेवढ्यात तिने मगनला फोन केला.

मला न विचारता.

२० नोव्हेंबर, बुधवार

मगन आला. चपला काढून सरळ मागच्या खोलीत गेला, जसं काही त्याचंच घर. गुडघ्यांवर बसून बराच वेळ काचेतून पाहिलं. मग माझ्याकडे न बघता सुनंदाकडे बघून बोलला, "वहिनी, हाऊ रोग शे. बठ्ठा आंगवर पसरी गया." सगळ्या अंगावर पसरलाय म्हणे.

सुनंदाचं माहेर शिंदखेड्याकडचं, मगनही तिकडचाच. दोघं भेटले की अहिराणी सुरू होते. मी बोदवडचा. चाळीस वर्षं तिच्यासोबत राहून मला अहिराणी समजते सगळी, पण बोलायला गेलो की ती हसते. मगन बोलतो तेव्हा हसत नाही. तेव्हा ती वेगळीच दिसते, लग्नाआधी अशीच असेल असं वाटायला लागतं.

मी विचारलं, "कुठी आहे रोग? मले तर दिसत नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी तेवढं पाहिलं. तेवढं मला दिसतं.

मग मगनने समजावलं. कातडीवर बारीक किडे बसतात, त्यांचे पांढरे ठिपके. उपाय तांब्याचं औषध. कमी पडलं तर किडे मरत नाहीत, जास्त झालं तर मासा मरतो, म्हणून रोज काचेच्या छोट्या नळीत पाणी घेऊन रंग तपासायचा. मोठ्या टाकीत हे औषध टाकता येत नाही, तिथले जिवंत खडक आणि गोगलगायी मरतील. म्हणून ही वेगळी पेटी.

"चाय लेतस ना भाऊ?" सुनंदा त्याला म्हणाली.

मला तिने विचारलं नाही. आणला मात्र दोघांना. माझा कप तिने हातात दिला, दांडी माझ्या बोटांशी नेऊन. हे अलीकडे नवीनच सुरू केलंय, लहान मुलाला द्यावा तसा कप देते.

२५ नोव्हेंबर, सोमवार

आज भांडण झालं. मगन म्हणाला, "प्रेमराज, रंग वहिनींना वाचू दे. तू औषध टाक. दोघांनी मिळून करा."

मी विचारलं, कायले? मी कलर मास्तर होतो की ती?

तो खाली मान घालून म्हणाला, "तसं नाही रे."

तसंच आहे. माझ्या घरात, माझ्या बायकोला, माझंच काम तो देतो. मी दोघांना खोलीबाहेर जायला सांगितलं आणि एकट्याने तपासणी केली. नळीत तपासणीचे थेंब टाकले की पाणी हिरवट ते निळं होत जातं, कार्डावरच्या चौकोनांशी ताडून बघायचं. माझ्या पाण्याला निळेपणा जेमतेम. म्हणजे औषध कमी. थोडं वाढवलं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

सुनंदा म्हणते ठिपके गेले. मला आधीही दिसत नव्हते, आताही दिसत नाहीत, तेव्हा माझंच खरं ठरलं.

मगनला तिने फोनवर सांगितलं तर तो म्हणे, गेले नाहीत, गळून तळाला पडले आहेत, तिथे वाढतील आणि दहापटीने परत अंगावर चढतील, औषध थांबवू नका. म्हणजे ठिपके असले तरी तो बरोबर, नसले तरी तोच बरोबर.

रोज थोडं औषध वाढवतो आहे. रंग काही चढत नाही. औषधच पातळ असेल. त्याने दिलेलं आहे.

३ डिसेंबर, मंगळवार

एक क्लाउन मेला.

सकाळपासून तिघेही पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. खाणं सोडलं होतं. मी पंप वाढवला, काही उपयोग झाला नाही. सुनंदाने मला न सांगता मगनला बोलावलं. तो अंघोळ अर्धवट टाकून आला असावा, केस ओले होते, हातात त्याचं स्वतःचं जाळं. आल्या आल्या त्याने नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, खिडकीजवळ धरलं. नळी सुनंदाला दाखवली. तिने तोंडाला पदर लावला.

मग त्याने जाळ्याने मासे बादलीत काढले, पेटीतलं निम्म्याहून जास्त पाणी उपसलं, सुनंदाने खारं पाणी कालवून दिलं, जादाचं औषध शोषायला कोळशाची पिशवी सोडली. दोघं कामाला असे लागले होते की एकाने हात पुढे केला की दुसऱ्याने वस्तू द्यायची, बोलायची गरज नाही. चाळीस वर्षांत आमच्या दोघांचं असं जमलेलं मला आठवत नाही. मी दारात उभा होतो. एका क्लाउनला त्याने ओंजळीत धरून बराच वेळ पाण्याच्या धारेसमोर हलवत ठेवलं, पण तो गेला.

"औषधच खराब होतं," मी म्हणालो.

मगन म्हणाला, "असेल." एवढंच. जाळं तसंच ओलं घेऊन गेला.

तो वाद घालत नाही, याचा मला जास्त राग येतो.

६ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी पडलो होतो. दोघांना वाटलं झोपलो. मागच्या खोलीतून मगनचा आवाज आला, काहीतरी विचारत होता, शब्द कळले नाहीत. सुनंदाचे कळले.

"तेसले आत्ते सांगू नका. मेघा सांगी."

त्यांना आता सांगू नका. मेघा सांगेल.

काय सांगेल मेघा मला? मुलीलाही माहीत आहे आणि मलाच नाही असं या घरात काय चाललं आहे? मगनचं वय माझ्याएवढंच. एकटा आहे. स्वयंपाक स्वतः करतो, कपडे नीट असतात, बोलतो हळू. सुनंदाचं वय साठीला आलं. या वयात असं काही मनात यावं याचीच लाज वाटते, पण डायरीत खोटं कशाला लिहू. येतं.

उठून मोठ्याने खोकलो. ते गप्प झाले.

११ डिसेंबर, बुधवार

सुनंदा सकाळी माशांचं मीठ संपलं म्हणून गावात गेली. मी चलतो म्हटलं तर नको म्हणाली, गर्दी असते. दुपारी मगनच्या स्कूटरवर मागे बसून परत आली. मी अंगणात पेपर घेऊन बसलो होतो. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर दिसली तेव्हा ओळखू आली नाही, अगदी फाटकाशी आल्यावर कळलं की ही आपलीच बायको.

विचारलं, मीठ कुठे आहे?

ती म्हणाली, "अगंबाई, विसरले."

मीठ आणायला गेलेली बाई मीठ विसरते. मी पुढे काही विचारलं नाही. जेवलोही नाही.

१५ डिसेंबर, रविवार

आज असोद्याला भरीत पार्टी होती. कारखान्यातली जुनी मंडळी दर हिवाळ्यात एकाच्या शेतात जमतात. तुराट्यांवर वांगी भाजली, लाकडी कुंडीत ठेचली, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पुऱ्या. मगन नेहमीप्रमाणे ठेचायला बसला होता. कोणीतरी, कोण ते महत्त्वाचं नाही, हसत हसत म्हणालं, "मास्तर, बोरसेची गाडी रोज तुमच्याच दारात दिसते म्हणे. मासे तुमचे की त्याचे?"

सगळे हसले. सुनंदाही बायकांत बसून हसली.

मी उभा राहिलो. म्हणालो, "उद्यापासून नाही दिसणार. मगन, माझ्या घरी यायचं नाही. माशांसाठीही नाही आणि दुसऱ्या कशासाठीही नाही. तुझी बायको गेली म्हणून माझी मोकळी नाही पडली."

हे मी म्हणालो. शब्दाला शब्द हेच. मगनच्या हातातला बत्ता थांबला, पण त्याने वर पाहिलं नाही. मग पुन्हा ठेचायला लागला, हळूहळू, कारण वीस माणसांचं भरीत व्हायचं होतं.

 मला बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

सुनंदा मेघाकडे गेली. देवपूरला. बॅग भरताना म्हणाली, "तुम्ही काल जे बोललात ते मी विसरणार नाही. पण त्यासाठी जात नाहीये. तुम्हाला घ्यायला यावं लागेल म्हणून जातेय. स्वतः या. एकटे या."

याचा अर्थ मला कळला नाही.

मासे मी बघतो आहे. टँग पाइपात शिरून बसला आहे. क्लाउन कोपऱ्यात. नळीतला रंग आज मला दोन वेळा वेगळा वाटला, खिडकीशी एक आणि दिव्याखाली एक. औषध टाकलं नाही. टाकायचा धीर झाला नाही. असं नोकरीत कधी झालं नव्हतं.

२१ डिसेंबर, शनिवार. देवपूर, धुळे

आज जे झालं ते लिहितो.

सकाळी जळगावहून धुळ्याला आलो. स्टँडवर मेघाला फोन करायचा नाही असं ठरवलं होतं, एकटे या म्हणाली होती ना. देवपूरची गाडी उभी दिसली, चढलो, खिडकी मिळाली. पांझरा नदीचा पूल आला, गेला. देवपूरचा थांबा येईल म्हणून बसलो तर गाडी थांबेना. गावाबाहेर मोकळं रान लागलं तेव्हा कंडक्टर तिकिटाला आला.

"देवपूर," मी म्हणालो.

"बाबा, ही शिरपूर गाडी आहे. देवपूर मागे राहिलं."

"पाटीवर देवपूर लिहिलंय."

"शिरपूर लिहिलंय. वाचली नाही का?"

पाटीचा रंग उडालाय, नीट रंगवत जा, असं मी त्याला बरंच सुनावलं. शेजारची बाई हसली. त्याने नरडाण्याला उतरवलं. उतरल्यावर गाडी सुटायच्या आत मी पुढे गेलो, पाटीच्या अगदी जवळ, नाक लागेल इतका. अक्षरं ताजी होती. ठळक होती. रंग कुठेही उडाला नव्हता.

त्या फाट्यावर मी एका टपरीसमोर बाकावर बसून राहिलो. दुकानदाराने चहा दिला, तो मी घ्यायला गेलो आणि ग्लास माझ्या हाताच्या बाजूने खाली गेला. बिचाऱ्याने दुसरा आणून माझ्या हातात नीट दिला. दांडी नव्हती, तरी दिला तसाच. तेव्हा सुनंदाचा कप आठवला.

शेवटी मेघाला फोन केला, ती स्कूटर घेऊन न्यायला आली. मागे बसलो.

२३ डिसेंबर, सोमवार

मोतीबिंदू. दोन्ही डोळे. उजवा अगदी पिकलेला. डॉक्टर म्हणाले, हा एका दिवसातला नाही, दोन-तीन वर्षांचा आहे. हळूहळू पिवळा पडदा धरतो, म्हणून माणसाला कळत नाही. निळा रंग आधी मरतो. विचारलं, कामधंदा काय होता? मी म्हणालो, नोकरी. पुढे सांगितलं नाही.

संध्याकाळी मेघाच्या गच्चीवर सुनंदाशी बोललो. मीठ विसरली त्या दिवशी ती मगनबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडेच गेली होती, मला कसं तयार करायचं ते विचारायला. एकटे या म्हणाली तेही त्यासाठीच, वाटेत माझं मलाच कळावं म्हणून. मी म्हणालो, मग मला का नाही सांगितलं?

"मी सांगितलं नाही का? चष्मा बदला म्हटलं, तर ट्यूब बदलायला लावली. रव्यासारखं दिसतंय म्हटलं, तर बुडबुडे म्हणालात."

मग तिने बाकीचं सांगितलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षात माझे लॉट चुकत होते. मी पास केलेला निळा आणि हिरवा दोरा मगन मशीनवर चढवायच्या आधी स्वतः नमुन्याशी ताडायचा. चुकलेला बाजूला काढून माझ्याच सहीखाली बरोबरचा दोरा चढवायचा. कोणाला कळू दिलं नाही. तिलासुद्धा त्याने गेल्या दिवाळीत सांगितलं, तेही कळवळून.

"तुमचा निरोप समारंभ नीट व्हावा एवढंच त्यांचं म्हणणं होतं," ती म्हणाली. "मास्तर मास्तरासारखा जाऊ दे, म्हणाले."

कोणी म्हणेल की हे ऐकून माझं मन भरून आलं असेल. नाही आलं. मला आधीपेक्षा जास्त राग आला. आधी मला वाटत होतं की तो माझी बायको नेतोय. आता कळलं, माझं नावही त्याच्याच हातात होतं वर्षभर, आणि हे दोघं मिळून ते सांभाळत होते, त्या माशांसारखं, मागच्या खोलीत. ज्या हारांचा मी फोटो लावला आहे ते हार त्याने मला घालू दिले.

रात्री जेवलो नाही, आणि सुनंदाने आग्रह केला नाही.

२८ डिसेंबर, शनिवार

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन काल झालं. आज पट्टी काढली. मेघा लिहू देत नाही, एवढंच लिहितो.

पट्टी काढल्यावर समोर सुनंदा होती. तिचे केस कानाशी पांढरे झाले आहेत. डोळ्यांखाली, ओठांशी सुरकुत्या आहेत. सुनंदा म्हातारी झाली आहे. मी किती दिवस तिला पाहिलं नव्हतं.

ती म्हणाली, "काय बघताय?"

मी म्हणालो, काही नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार. जळगाव

परत आलो. काळा चष्मा लावून, डोक्यावरून अंघोळ करायची नाही, वाकायचं नाही, थेंब वेळच्या वेळी.

येताना सारखं मनात होतं की मासे मेले असतील. दार उघडून मागच्या खोलीत गेलो. मेले नव्हते. पाणी स्वच्छ, पंप चालू, आणि टँग मधोमध पोहत होता. चष्मा काढला. इतका निळा की मला आधी ती काचेची करामत वाटली. पाठीवर काळी नक्षी, शेपटी पिवळी. हे सगळं त्या माशावर पहिल्या दिवसापासून होतं. अंगावर एकही ठिपका नाही. क्लाउन त्याच्या मागेमागे.

सुनंदाने किल्ली मगनला देऊन ठेवली होती. असोद्याला मी जे बोललो त्यानंतर. तो रोज आला. घरात माणूस नसताना आला, काम केलं, गेला.

पहिल्यांदा मनात काय आलं ते लिहितो. मनात आलं, मासेसुद्धा माझ्या हाताने बरे झाले नाहीत.

६ जानेवारी, सोमवार

सुनंदाला बरोबर चल म्हटलं, तर म्हणाली, "तुम्ही बोललात ते एकटे बोललात."

एकटाच गेलो. मगनच्या घराचं दार उघडं होतं. तो पोळी-भाजी खात बसला होता, मला पाहून उठला, हात धुतला. "डोळा कसा आहे?" त्याने विचारलं.

मी सांगणार होतो ते सगळं विसरलो, कारण समोर त्याची टाकी होती. तीच, जिच्यासाठी लोक येतात, जिचं सुनंदा आठवडाभर बोलत होती. दिवे चालू होते, दगड होते, पाणी होतं. मासे जवळजवळ नव्हते. कोपऱ्यात दोन लहान मासे, आणि या वेळी मला स्पष्ट दिसलं, त्यांच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके.

"पिवळा कुठे आहे?" मी विचारलं. एक मोठा पिवळा टँग होता त्याच्याकडे, सगळ्यांत जुना. लताबाईंनी जाण्याआधी आणायला लावलेला. आजारपणात त्या पलंगावर पडून त्याच्याकडे बघत असत, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

"गेला. डिसेंबरात."

"कसा?"

तो सांगेना. मीच ताडलं. त्या दिवशी तो ओल्या केसांनी आला होता, स्वतःचं जाळं घेऊन. माझ्या पेटीत बुडवलेलं जाळं घाईत तसंच घरी नेलं. एका थेंबातसुद्धा किडे जातात, त्यानेच मला सांगितलं होतं.

"मग औषध का नाही दिलं?"

"मोठ्या टाकीत देता येत नाही ना. बाहेर काढून द्यावं लागतं."

"मग बाहेर काढायचे."

"पेटी तुझ्याकडे होती, प्रेमराज. तुझ्या माशांचं औषध अर्ध्यावर होतं. मागून घेतली असती तर ते गेले असते. दुसरी मिळवेपर्यंत इकडे उशीर झाला."

मी खुर्चीवर बसलो. ज्या माणसाकडे सगळं आहे म्हणून मी जळत होतो, त्याच्या घरात ही रिकामी टाकी होती आणि ताटात गार झालेली भाजी. आणि तरी, खरं सांगतो, तेव्हाही आत कुठेतरी टोचलंच, की इतकं चांगलं वागणं यालाच का जमतं.

"मी असोद्याला जे बोललो," मी सुरुवात केली.

"राहू दे."

"राहू देत नाही. तुझ्याबद्दल बोललो, लताबाईंना मध्ये आणलं, सगळ्यांसमोर. माफ कर म्हणायलाही सगळ्यांसमोरच म्हणायला पाहिजे. ते म्हणेन. आज तुला म्हणतो."

तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, "जेवशील का? पोळ्या आहेत."

जेवलो. भाजीत मीठ कमी होतं.

७ जानेवारी, मंगळवार

आमचे दोन मासे मोठ्या टाकीत सोडले, त्यांचा महिना होऊन गेला होता. पेटी गरम पाण्याने धुऊन उन्हात कोरडी केली, पाइप, जाळं, बादली, सगळं. दुपारी मगनचे दोन्ही मासे आणले. आणताना डबा माझ्या मांडीवर होता आणि स्कूटर तो चालवत होता. गल्लीत लोकांनी बघितलं. बघू देत.

१२ जानेवारी, रविवार

मगन रोज सकाळी येतो. त्याची टाकी आता बरेच दिवस माशांशिवाय ठेवायची, म्हणजे तिथले किडे उपाशी मरतील. तोवर त्याचे मासे आमच्या मागच्या खोलीत.

आज सुनंदा आणि तो पुन्हा अहिराणीत बोलत होते, तिच्या माहेरच्या कुठल्याशा विहिरीबद्दल, जी दोघांनी लहानपणी पाहिलेली आहे आणि मी कधीच पाहिलेली नाही. ती मोकळी हसली, माझ्यासमोर हसत नाही तशी. मला आवडलं नाही. डोळ्याचं ऑपरेशन झालं, या दुखण्याचं ऑपरेशन कोणी करत नाही. तिला म्हटलं, ती विहीर मलाही दाखव एकदा. तिने माझ्याकडे जरा चमकून पाहिलं. "तिकडे काय आहे आता बघायला," म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "संक्रांत झाली की जाऊ."

मग तपासणीची वेळ झाली. नळीत मी पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं, खिडकीशी नेऊन कार्डाला लावलं. डावा डोळा अजून व्हायचा आहे, म्हणून तो मिटून फक्त उजव्याने पाहिलं. रंग कुठल्या चौकोनाशी जुळतो ते सांगितलं. औषध बरोबर आहे, आज काही टाकायचं नाही.

मगन म्हणाला, "बरं."

आणि हात पुढे केला. नळी माझ्याकडून घेऊन त्याने स्वतः उजेडात धरली आणि कार्डाशी ताडून पाहिली.

मी पाहू दिलं.